खेळायला जाऊ की नको?



या सदराकडे येणारी पत्रं बहुधा ठरलेल्या वळणाची असतात. सासूबाईंशी पटत नाही, मुलगा अभ्यासाला बसत नाही, साठवणीच्या गव्हाला किडे लागले. पण गेल्या आठवड्यात सांगलीहून एक पत्र आलं. ते वाचून आधी मला हसू आलं आणि मग हातातली भाजी तशीच ठेवून मी बराच वेळ विचार करीत बसले.

पत्र लिहिणारी मैत्रीण चोपन्न वर्षांची आहे. नाव अर्थातच छापत नाही. एकुलती एक लेक जर्मनीत ड्युसेलडॉर्फला असते. सप्टेंबरच्या अखेरीला तिचे दिवस भरतील. बाळंतपणासाठी ही तीन महिने तिकडे जाणार. डिंक, अळीव, बाळंतविडा, सगळी तयारी झालेली. आता गंमत अशी, की ड्युसेलडॉर्फच्या शेजारी एसेन नावाचं शहर आहे आणि तिथे दर ऑक्टोबरमध्ये खेळांची एक मोठी जत्रा भरते. जावई दरवर्षी जातात. या खेपेला ते सासूबाईंना म्हणाले, "आई, तुम्हाला पटावरच्या खेळांची एवढी आवड. एक दिवस चला की!"

आवड खरीच आहे. गेली वीस वर्षं या बाईंच्या घरी दर गुरुवारी दुपारी भिशीच्या आठ जणी जमतात. रमी, मेंढीकोट, पाच-तीन-दोन तर झालंच, पण अलीकडे लेकीने पाठवलेले नवे खेळही त्या आवडीने शिकल्या. तेव्हा जावयांचं बोलणं ऐकून त्या मनातून हरखल्या. पण घरात विषय काढताच यजमान म्हणाले, "बाळंतपणाला चालली आहेस की पत्ते कुटायला?" जाऊबाई तर हसून हसून बेजार. बाई लिहितात, "तेव्हापासून मी गप्प आहे. पण मनातून जात नाही. ताई, तुम्हीच सांगा, जाऊ की नको?"

मैत्रिणींनो, प्रश्न एका जत्रेचा आणि एका दिवसाचा दिसतो, पण तसा तो नाही. म्हणून आजचं सगळं सदर याच पत्रासाठी.

आधी ही जत्रा आहे तरी काय, ते सांगते. 'श्पील' म्हणजे जर्मन भाषेत खेळ. 1983 साली एसेनच्या एका प्रौढशिक्षण केंद्रात ती लहान प्रमाणावर सुरू झाली. आज ती शहराच्या भल्यामोठ्या प्रदर्शन संकुलात भरते, गुरुवार ते रविवार असे चार दिवस. 2024 साली तिथे दोन लाख चार हजार माणसं येऊन गेली. हे खेळ म्हणजे संगणकावरचे नव्हेत आणि जुगार तर मुळीच नव्हे. पट, पत्ते, फासे, लाकडी सोंगट्या, असे घरात बसून चौघांनी खेळायचे खेळ. दुकानदार फक्त खोकी मांडून बसत नाहीत. टेबलं टाकलेली असतात, समजावून सांगणारी मुलं-मुली उभी असतात. जागा मिळाली की बसायचं, नियम ऐकायचे आणि डाव मांडायचा. आजी-आजोबा, लेकुरवाळ्या बाया, शाळेतली पोरं, सगळे एकाच टेबलाशी दिसतात. तेव्हा "तिथे आपलं काय काम?" ही भीती आधी मनातून काढून टाका.

आणि हे काही फार परकंही नाही बरं का! जर्मनीत घरोघरी एक खेळ असतो. त्याच्या नावाचा अर्थ 'माणसा, रागावू नकोस.' 1914 सालापासून तो तिथे मोठ्या प्रमाणावर विकला जाऊ लागला. फुलीच्या आकाराचा पट, चार रंगांच्या सोंगट्या, मागून दुसऱ्याची सोंगटी आली की आपली परत घरी! ओळखलंत ना? आपल्या पचिशीचाच तो नातेवाईक. इंग्लंडमध्ये 1896 साली तिचाच लुडो झाला, आणि तो लुडो आपण पोरांना बाजारातून विकत आणून दिला. आपली वस्तू आपल्याकडे विलायती होऊन परत आली.

खेळणं बाईला शोभत नाही, असंही आपल्याकडे कधी कोणी म्हटलेलं नाही. मंगळागौर आठवा. रात्रभर झिम्मा, फुगड्या, पिंगा, आणि पाहायला सासवासुद्धा बसलेल्या. भोंडला आठवा, सागरगोटे आठवा. फक्त आपल्याकडे खेळाला एक निमित्त लागतं. व्रत हवं, सण हवा, नवी नवरी हवी. लग्नानंतर पाच वर्षांनी मंगळागौरीचं उद्यापन होतं, ते बरोबरच. पण त्याबरोबर खेळण्याचंही उद्यापन करायचं, असं कुठल्या पोथीत लिहिलं आहे? या मैत्रिणीने वीस वर्षं गुरुवार सांभाळला, याबद्दल मला तिचं कौतुकच वाटतं.

एवढं म्हटलं म्हणजे "जा" असं सांगून मी मोकळी झाले, असं मात्र नाही. कारण यजमानांच्या टोमण्यात कडवटपणा असला तरी त्यामागचा प्रश्न खोटा नाही. तुम्ही बाळंतपणासाठी जात आहात. जत्रेच्या वेळी नातवंड असेल दोन-चार आठवड्यांचं. त्या दिवशी बाळंतिणीजवळ कोण?

इथेच मला पत्रातली एक गोष्ट खटकली. जावई म्हणाले, "आमच्याबरोबर चला." म्हणजे जावईही जाणार आणि आईही जाणार, आणि ओली बाळंतीण परक्या देशात तान्ह्या बाळाला घेऊन दिवसभर एकटी! हे काही व्हायचं नाही. जावयांनी प्रेमाने म्हटलं असेल, पण हिशेब केलेला दिसत नाही. दोघांनी एकाच दिवशी जायचं नाही, हा पहिला नियम. त्यांनी त्यांच्या मित्रांबरोबर एक दिवस जावं, तुम्ही दुसऱ्या दिवशी. ज्या दिवशी तुम्ही जाल त्या दिवशी जावयांनी घरी राहून बाळाचं पाहावं. यात संकोचण्यासारखं काही नाही. बाळ त्यांचंही आहे. तिकडे वडिलांनाही बाळासाठी कायद्याने रजा घेता येते. शिवाय बाळंतपणानंतर सुईण घरी येऊन आई आणि बाळ दोघांना तपासते. पहिले दहा दिवस ती गरजेप्रमाणे रोजही येते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून येते, आणि त्याचा खर्च सरकारी आरोग्यविम्यातून होतो. ही सुईण मात्र खूप आधी ठरवून ठेवावी लागते. लेकीने ठरवली आहे का, ते आजच विचारून घ्या. म्हणजे तुम्ही एकट्याच आधार आहात, हे ओझं थोडं उतरेल.

दुसरं, विचारायचं कोणाला? यजमानांना नाही, जाऊबाईंना तर नाहीच. आधी लेकीला विचारा, आणि तेही जावई समोर नसताना. "मी जाऊ का?" असं विचारू नका. त्यावर कुठलीही लेक "जा ना आई" असंच म्हणते. तिला विचारा, "त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी नसले तर तुला काय काय अडेल?" मग ती खरं बोलेल. म्हणेल, दुपारी अंघोळीच्या वेळी कोणीतरी हवं, स्वयंपाक करून ठेव, की अजून मला रात्रीची झोप नाही, तू जवळ राहा. जे म्हणेल ते ऐका. टाके दुखत असतील, अंगावर पाजायला त्रास होत असेल, बाळाची कावीळ उतरली नसेल, तर त्या वर्षी जत्रा नाही. मग मनात अढी धरू नका आणि बोलूनही दाखवू नका. जत्रा दरवर्षी भरते. लेकीचं हे बाळंतपण पुन्हा येणार नाही.

पण लेक बरी असेल, घर मार्गी लागलं असेल आणि तरीही तुम्ही केवळ "लोक काय म्हणतील" म्हणून मागे राहिलात, तर ते मात्र मला पटणार नाही. का, ते सांगते. यात माझीच एक चूक आहे.

2023 साली मी भाचीकडे गेले असताना एक दिवस याच जत्रेला गेले होते. मनापासून रमले. पण घरी फोनवर काय सांगितलं? "भाचीबरोबर खरेदीला गेले होते." बाईने खरेदी केली तर ती संसाराची गोष्ट, खेळली तर पोरकटपणा, असं माझ्याच मनाने धरलेलं. खोटं लहानसंच होतं. पण त्यामुळे घरी आल्यावर कोणाला काही सांगता येईना. आणलेला खेळ "भाचीने दिला" म्हणून कपाटात गेला. जी गोष्ट सांगण्यात अर्धी मजा असते तीच सांगता आली नाही. पुढे एकदा यजमानांनीच तो डबा काढला आणि विचारलं, "हे खेळतात कसं?" तेव्हा सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून सांगते, जायचं तर सांगून जा. जायचं नसेल तर नका जाऊ. पण चोरून जाऊ नका.

आता तुमच्या पायांचं आणि तब्येतीचं बघू. कारण उत्साहात बायका हेच विसरतात. हॉल एकाला एक लागून आहेत आणि दिवसभर चालणं होतं. बसायला जागा म्हणजे खेळाच्या टेबलाशी, आणि तिथे आधीचा डाव संपेपर्यंत उभं राहावं लागतं. थकलेली माणसं सरळ भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली मी पाहिली. गर्दी एवढी, की आपल्या गणपतीतल्या रात्रीची आठवण व्हावी. गुडघे दुखत असतील, गर्दीत जीव घाबरत असेल, तर अर्ध्या दिवसाचाच बेत करा. सकाळी जायचं, दोन खेळ खेळायचे, परत फिरायचं. सगळी जत्रा पाहून कोणाचीच होत नाही. आणि नुसता एखादा खेळ विकतच घ्यायचा असेल तर जत्रेला जाण्याची गरज नाही. तो गावातल्या दुकानातही मिळतो. ज्या बाईला नवा खेळ अनोळखी माणसाबरोबर बसून शिकायला आवडतो, तिनेच जावं.

भाषेची धास्ती मात्र नको. समजावणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना इंग्रजी येतं. शिवाय पुष्कळ खेळांत वाचायला काही नसतंच. 'क्विर्कल' नावाच्या खेळात 108 लाकडी ठोकळे असतात. सहा आकार, सहा रंग. रांगोळीचे ठिपके जुळवावेत तसे ते जुळवत जायचे. सुझन मॅकिन्ली रॉस या बाईंनी तो तयार केला आणि 2011 साली त्याला जर्मनीचा 'वर्षातला उत्तम खेळ' हा मान मिळाला. दुसरा 'अझुल.' अझुल म्हणजे पोर्तुगीज भाषेत निळा. पणजीच्या फोंतेन्यांत घरांवर निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या फरशा पाहिल्या असतील, तशा फरशा भिंतीवर बसवण्याचा हा खेळ. त्याला हा मान 2018 साली मिळाला. हा मान 1979 पासून दिला जातो आणि मिळालेल्या खेळाच्या खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह असतं. एवढ्या ढिगातून काय निवडावं ते कळेनासं झालं, तर ते चिन्ह शोधा. एक मात्र लक्षात ठेवा. हे दोन्ही खेळ चौघांपुरतेच आहेत. तुमच्या भिशीत आठ जणी, तेव्हा दोन टेबलं मांडावी लागतील.

आता दिवस कुठला? शनिवार सगळ्यांत गर्दीचा, तो टाळा. रविवारी जर्मनीत वाणी-भाजीची दुकानं बंद असतात. म्हणजे रविवारी जायचं तर शनिवारीच दूध, भाजी, बाळाचे लंगोट भरून ठेवायला हवेत. गुरुवार किंवा शुक्रवार बरा, पण त्या दिवशी जावयांना रजा हवी. हे सगळं महिनाभर आधी त्यांच्याशी बोलून ठरवा. तारखाही पंचांगाशी ताडून पाहा. 2024 साली जत्रा सुरू झाली ती घटस्थापनेला, आणि 2025 साली नेमकी भाऊबीजेला! तुमच्या घरी घट बसत असतील, किंवा सांगलीला यजमान सणाला एकटे असतील, तर त्या दिवशी तुमचा फोन त्यांना हवाच असेल. वेळेचा फरकही धरा. तिकडची दुपार म्हणजे इकडची संध्याकाळ. सकाळी निघण्याआधी फोन करा, म्हणजे तिथे जीव घड्याळात अडकून राहणार नाही.

जाणं-येणं सोपं आहे. ड्युसेलडॉर्फहून एसेनला आगगाडीने अर्धा-पाऊण तास लागतो. एसेनच्या मुख्य स्टेशनवरून यू 11 ही भुयारी गाडी प्रदर्शनाच्या दारात सोडते. तरी पहिल्यांदा एकट्या जाऊ नका. जावयांच्या मित्रांपैकी कोणाची पत्नी किंवा लेकीची एखादी मैत्रीण येते का पाहा. लेकीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाईल नेमका नको तेव्हा बंद पडतो. पाण्याची बाटली आणि दशम्या घरून न्या. आतलं खाणं महाग आहे, आणि आपल्या जिभेला ते रुचेलच असं नाही. बाहेर गारठा आणि आत उकाडा, म्हणून एका जाड कोटाऐवजी स्वेटरवर शाल बरी.

पैशांचं बोलू. तिकीट, गाडीभाडं, खाणं आणि एक खेळ, या चारांची बेरीज आधीच वहीत मांडा आणि तेवढेच पैसे पर्समध्ये ठेवा. तिथे ढीग पाहिला की "हाही घेऊ, तोही घेऊ" होतं. तिकीट आधी काढून ठेवावं लागतं. ऐन वेळी बाळाला बरं नसलं तर ते वाया जाईल. गेले तर गेले, असं आधीच मनाशी धरा, म्हणजे त्या पैशांसाठी पाय घराबाहेर ओढला जाणार नाही. हे पैसे जावयांकडून घेऊ नका. वीस वर्षं भिशी चालवलीत, तुमच्या हाताशी स्वतःचे चार पैसे नक्की असतील. त्यातलेच खर्च करा. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या आनंदाचा जाब कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच, तर उत्तर देताना मान खाली जात नाही.

परतीच्या सामानाचीही काळजी करू नका. या खेळांच्या खोक्यांत सोंगट्या थोड्या आणि हवा जास्त. सोंगट्या पुरचुंडीत बांधा आणि मोकळ्या जागेत मोजे, झबली, मसाल्याचे रिकामे डबे भरा. बिल जपून ठेवा. व्हिसाच्या कागदपत्रांत प्रवासविमा 30 हजार युरोंचा लागतो, तो तुम्ही बाळंतपणासाठी जाताना काढणारच आहात. जत्रेसाठी वेगळं काही लागत नाही. फक्त मुक्काम 90 दिवसांच्या वर जाऊ देऊ नका.

राहता राहिले यजमान. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, हे पत्र पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं. ते हसले आणि तुम्ही गप्प बसलात. आपण बायका पुष्कळदा टोमण्यालाच मनाई समजतो आणि मग मनातल्या मनात कुढत राहतो. आज रात्री जेवणं आटोपली की शांतपणे सांगा, "लेकीचं सगळं नीट असेल तर एक दिवस मी जत्रेला जाणार आहे. त्या दिवशी जावई घरी असतील. पैसे माझे आहेत. तुमच्यासाठीही एक खेळ आणते." रागावून नको, विनवणीनेही नको. ज्या आवाजात "उद्या गॅसचा सिलिंडर येणार आहे" असं सांगता ना, त्याच आवाजात. पाहा बरं, ते काय म्हणतात!

तर माझं उत्तर असं. लेक आणि बाळ सुखरूप असतील, जावई घरी थांबायला तयार असतील आणि पाय साथ देत असतील, तर जा. यातलं एकही नसेल तर जाऊ नका. निर्णय आज घेऊ नका, बाळ झाल्यावर दहा दिवसांनी घ्या, आणि जायच्या आदल्या रात्री बाळाच्या अंगाला हात लावून पुन्हा एकदा घ्या. पण जे ठरेल ते तुम्ही ठरवलेलं असू द्या. जाऊबाईंच्या हसण्याने ठरलेलं नको.

आणि गेलात, तर परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी भिशीतल्या सगळ्या जणींना तो खेळ शिकवा. जाऊबाईंनाही बोलवा. नव्या खेळाचा पहिला डाव बहुतेक वेळा सगळ्यांत जास्त हसणारीच जिंकते, हा माझा अनुभव आहे.

लेक सुखरूप सुटल्याचं मात्र मला आवर्जून कळवा. जत्रेचं नंतर लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
ताई